वुड्स होलचा एम्ब्रियॉलॉजी कोर्स: पीएचडीच्या मध्यावर सहा आठवडे द्यावेत का?

मत्स्यपर:

नमस्कार. मी विकासाच्या जीवशास्त्रात पीएचडी करते आहे, तिसरं वर्ष संपत आलंय. झेब्राफिशच्या हृदयाच्या झडपा कशा तयार होतात हा माझा विषय. मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होलला मरीन बायॉलॉजिकल लॅबोरेटरी आहे, तिथल्या उन्हाळी एम्ब्रियॉलॉजी (गर्भशास्त्र) कोर्ससाठी अर्ज केला होता. निवड झाल्याचं पत्र आलंय. फीचा मोठा भाग शिष्यवृत्तीतून भागतोय, त्यामुळे पैशांचं कोडं बऱ्यापैकी सुटलंय.

अडलंय ते दुसरीकडेच. माझ्या गाईडना हे फारसं पटलेलं नाही. सर नाही म्हणाले नाहीत, पण "तिकडे सहा आठवडे सी अर्चिन आणि गोगलगायी बघून तुझ्या थीसिसचा कुठला चॅप्टर पुढे सरकणार आहे?" असं त्यांनी विचारलं आणि मला उत्तर सुचेना. मासे सांभाळायला एक ज्युनियर तयार आहे, पण प्रयोग थांबणारच. एक पेपर अर्धा लिहून पडलाय.

तुमच्यापैकी कुणी तिथे किंवा अशा कुठल्या कोर्सला जाऊन आलं असेल तर सांगा: दिवस प्रत्यक्षात कसा जातो? आपला प्रोजेक्ट बरोबर न्यायचा असतो का? आणि मी आजवर एकाच प्राण्यावर काम केलंय, तर तिथे माझा निभाव लागेल का? लेक्चरनंतर वक्त्याला प्रश्न विचारायचं एक खास सत्र असतं म्हणतात, त्याबद्दलही लिहा. चारचौघांत इंग्रजीतून पटकन बोलायला मला जमत नाही, त्यामुळे त्याचंच जास्त दडपण आलंय.


गोगलगाय:

अभिनंदन! माझं उत्तर 'जा' असंच आहे. पण तुमच्या सरांचा प्रश्न रास्त आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

मी गेले तेव्हा साधारण तुमच्याच टप्प्यावर होते. फळमाशीच्या पंखावर काम चालू होतं. अळीतून पंखाची डिस्क (ज्यातून पुढे पंख बनतो तो पेशींचा पुंजका) काढायची, फिक्स करायची म्हणजे रसायनाने आहे तशी टिकवायची, रंगवायची, कन्फोकल मायक्रोस्कोपखाली बघायची. जिवंत भ्रूण विभागत असताना तासन्‌तास बसून बघितलाय, असं कधी झालंच नव्हतं. विकासाचा अभ्यास करणाऱ्या माणसाला हे शोभत नाही असं कुणी म्हणेल, पण आपल्यातल्या बऱ्याच जणांचं काम असंच चालतं. नमुने मेलेले असतात आणि त्यांच्यावरून हालचालीचा अंदाज बांधायचा असतो.

वुड्स होलला हे उलटं होतं. कोर्स १८९३ पासून चालू आहे, संस्था त्याच्या पाच वर्षं आधीची. चोवीसेक विद्यार्थी असतात. सकाळी लेक्चर, मग ते प्रश्नांचं सत्र, जेवणानंतर लॅब, आणि लॅब कधी संपेल याला धरबंध नाही. भ्रूणाची हवी ती अवस्था रात्री दोनला येणार असेल तर ती दोनलाच बघावी लागते. मध्यरात्रीनंतर निम्मी लॅब जागी असते आणि शिकवणारेही तुमच्या शेजारच्या मायक्रोस्कोपवर बसलेले असतात. दर काही दिवसांनी प्राणी बदलतात, प्राण्यांबरोबर शिक्षकही.

सुरुवात बहुधा सी अर्चिनपासून, म्हणजे काटेरी, गोल समुद्री प्राण्यापासून. तिथला अर्बेशिया, काळपट जांभळा. तोंडाभोवतीच्या मऊ पडद्यातून पोटॅशियम क्लोराइडचं इंजेक्शन द्यायचं आणि समुद्राच्या पाण्याने काठोकाठ भरलेल्या बीकरवर तो उलटा ठेवायचा. मादी असेल तर पाच छिद्रांमधून लालसर अंडी धारेने खाली उतरतात. नर असेल तर पांढरं द्रव्य येतं. ते पाणी न लागू देता बर्फावर ठेवायचं. मग स्लाइडवर अंडी, त्यात पातळ केलेल्या शुक्राणूंचा एक थेंब, आणि नजर हलवायची नाही. मिनिटभरात एका जागी अंड्यावरचा पडदा सुटायला लागतो आणि बघता बघता सगळ्या अंड्याला वेढून टाकतो. त्यानंतर दुसरा शुक्राणू आत येऊ शकत नाही. तासाभरात पहिलं विभाजन. मी हे पुस्तकात कितीदा वाचलं होतं, परीक्षेत आकृतीसकट लिहिलंही होतं. प्रत्यक्ष बघताना माझ्या तोंडून शब्द फुटेना.

इथे एका माणसाबद्दल सांगितल्यावाचून राहवत नाही. अर्नेस्ट एव्हरेट जस्ट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांची दारं कृष्णवर्णीय वैज्ञानिकांना बंद होती तेव्हा, ते हॉवर्ड विद्यापीठात शिकवायचे आणि उन्हाळ्यात वुड्स होलला येऊन याच किनाऱ्यावरच्या प्राण्यांच्या अंड्यांवर काम करायचे. अंडी हाताळण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. भांडं स्वच्छ हवं, पाणी गरम होता कामा नये, अंडी दाटीवाटीने ठेवायची नाहीत, याबाबत ते अतिशय काटेकोर होते. तुम्ही स्वतः दोन बीकर शेजारी ठेवून एकातली अंडी नीट वाढताना आणि दुसऱ्यातली कुजताना बघितलीत की तो काटेकोरपणा काय होता ते कळतं.

माझं डोकं फिरवलं ते मात्र चिखलात राहणाऱ्या एका बारक्या गोगलगायीने. इलियानासा तिचं नाव. हिच्या अंड्याचं पहिलं विभाजन होताना खालच्या बाजूने पेशीद्रव्याचा एक गोळा बाहेर येतो, त्याला पोलर लोब म्हणतात. काही वेळ तीन पेशी आहेत असं दिसतं. खऱ्या पेशी दोनच, तिसऱ्या गोळ्यात केंद्रक नसतंच. मग तो गोळा दोनपैकी एका पेशीत विरून जातो. १८९६ साली हेन्री क्रॅम्प्टन यांनी हा गोळा तोडून टाकला आणि उरलेला भ्रूण वाढू दिला. त्यात मध्यस्तराचे (भ्रूणातला जो थर पुढे स्नायू, हृदय वगैरे बनवतो त्याचे) पट्टे तयार झाले नाहीत. पुढच्या संशोधकांनी दाखवलं की अशा अळीला हृदय, डोळे, पाय, कवच यांतलं काहीच येत नाही.

आम्ही तोच प्रयोग केला. काचेची सुई स्वतः आचेवर ओढून बनवायची. भ्रूण सरकवायला भुवईचा केस, काडीच्या टोकाला चिकटवलेला. गर्भशास्त्रातले जुने लोक अजून तोच वापरतात, कारण तितकं मऊ आणि तितकंच ताठ दुसरं काही सापडत नाही. आठवड्याभराने दोन डिश शेजारी ठेवल्या. एकीत डोळ्यांचे काळे ठिपके असलेल्या, हृदय धडधडणाऱ्या अळ्या. दुसरीत नुसते गरगरणारे गोळे. दोन्हीकडे केंद्रकं शाबूत, सगळी जनुकं जागच्या जागी, आणि तरी एकीकडे हृदय नाही.

तोपर्यंत मी कुठल्याही बिघाडाचं मूळ भ्रूणाच्या जनुकांतच शोधत असे. आईने अंड्यात काय ठेवलंय आणि कुठे ठेवलंय, हा प्रश्न मला पाठ होता. तो माझा स्वतःचा झाला त्या डिशपाशी. थीसिस मी माशीवरच पूर्ण केला, वेळेत केला. पण आज माझी छोटी लॅब गोड्या पाण्यातल्या गोगलगायींवर काम करते: शंख डावीकडे वळणार की उजवीकडे, हे पिल्लाच्या नव्हे तर आईच्या जनुकांवरून ठरतं, ते कसं, यावर.

सरांना काय सांगायचं? त्यांना टिम हंट यांची गोष्ट माहीत असेलच, आठवण करून द्या. १९८२ च्या उन्हाळ्यात ते वुड्स होलला फिजिऑलॉजी कोर्स शिकवायला आले होते. फलन झाल्यावर सी अर्चिनच्या अंड्यांत कोणती प्रथिनं बनतात ते बघावं म्हणून त्यांनी किरणोत्सारी मेथिओनिन (प्रथिनांचा एक घटक) घातलं, ठरावीक वेळाने नमुने काढले आणि जेलवर चालवले, म्हणजे प्रत्येक प्रथिनाचा वेगळा पट्टा दिसतो. बाकीचे पट्टे गडद होत गेले. एक पट्टा मात्र पेशी विभागायच्या सुमारास नाहीसा व्हायचा आणि पुन्हा उगवायचा. तेच सायक्लिन, पेशीविभाजनाची वेळ ठरवणारं प्रथिन. २००१ चं नोबेल त्यांना लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांच्याबरोबर मिळालं. तुम्हालाही असं घबाड सापडेल असं मी म्हणत नाही. त्या प्रयोगाला लागलं काय होतं ते बघा: मुबलक अंडी, मोकळा वेळ, आणि 'बघू तरी काय होतं' असं म्हणण्याची मुभा. आपल्या लॅबमध्ये प्रत्येक प्रयोगाच्या आधी तो पेपरातली कितवी आकृती होणार हे ठरलेलं असतं. ही मुभा पुन्हा सहजी मिळत नाही. पोस्टडॉकमध्ये (पीएचडीनंतरच्या संशोधनात) नाही, स्वतःची लॅब काढल्यावर तर मुळीच नाही.

म्हणून आपला प्रोजेक्ट बरोबर नेऊ नका. तिथे झेब्राफिशवर दिवस घालवू नका. तुम्हाला ते येतं.

आता प्रश्नांचं सत्र, त्याला तिथे स्वेटबॉक्स म्हणतात. लेक्चर संपलं की बाकी शिक्षक बाहेर जातात. खोलीत वक्ता आणि विद्यार्थी एवढेच. काहीही विचारता येतं: हा प्रयोग किती वेळा फसला, प्रतिस्पर्ध्याचा निष्कर्ष वेगळा का आला, या वाटेला कसे लागलात. इंग्रजीचं दडपण घेऊ नका, बऱ्याच जणांची मातृभाषा वेगळी असते. मी लेक्चर चालू असतानाच वहीत प्रश्न पूर्ण वाक्यात लिहून ठेवायचे आणि सुरुवातीलाच हात वर करायचे. नंतर चर्चा वेग घेते, तेव्हा मध्ये शिरणं अवघड जातं. मला सगळ्यात उपयोगी पडलेला प्रश्न अगदी साधा होता: "हे असंच आहे, दुसरं काही नाही, याची खात्री तुम्हाला कशावरून पटली?" मोठमोठी माणसं यावर थांबून विचार करतात, आणि मग जे सांगतात ते पेपरात छापलेलं नसतं.


प्रकाशपट:

मी जरा वेगळं मत मांडतो, राग मानू नये.

मी पीएचडीत असताना युरोपात एका आठवड्याच्या कोर्सला गेलो होतो, विषय एकच: लाइट-शीट मायक्रोस्कोपी, म्हणजे प्रकाशाच्या पातळ पट्ट्याने नमुन्याची थरामागून थर चित्रं घेणं. नमुना अॅगरोजमध्ये कसा बसवायचा, दोन बाजूंनी घेतलेल्या प्रतिमा एकत्र कशा करायच्या, एवढा प्रचंड डेटा साठवायचा कुठे, सगळं हाताने करून शिकलो. परत आल्यावर तेच माझ्या भ्रूणांवर वापरलं आणि थीसिसचा अख्खा एक चॅप्टर त्यातून उभा राहिला. गाईडना फायदा डोळ्यांना दिसला, पुढच्या वेळी त्यांनी स्वतःहून पाठवलं.

मत्स्यपर, तुमचा विषय हृदयाच्या झडपा. धडधडणाऱ्या हृदयात झडप तयार होताना चित्रित करणं किती कठीण आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मग नेमकं तेच शिकवणारा छोटा कोर्स का नको? गोगलगाय यांचा अनुभव सुंदर आहे, वाचताना मलाही हेवा वाटला. पण त्यांनी पुढे प्राणीच बदलला. सगळ्यांना ते जमत नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपत आलेली असते, घरचे वाट बघत असतात, आणि मुलाखतीत विचारतात ते प्रसिद्ध झालेल्या पेपरांबद्दल.


नंदादीप:

कोर्स घ्यावा की नाही यावर तुम्ही लोक बोला, मी कागदपत्रांपुरतं लिहिते. मी संशोधनासाठी अमेरिकेत दोनदा राहिले आहे.

व्हिसा कोणता काढायचा हे तिथली संस्था लेखी कळवते, तेच पाळा. पर्यटनाच्या व्हिसावर 'कसंतरी जमवून' जायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. जे-१ (अभ्यास-संशोधनाच्या देवाणघेवाणीचा व्हिसा) असेल तर संस्थेकडून डीएस-२०१९ नावाचा कागद येतो. तो आल्याशिवाय पुढचं काही होत नाही. सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थी-संशोधकांच्या सरकारी नोंदणीची, फी भरायची (जे-१ ला २२० डॉलर आहे), डीएस-१६० हा व्हिसाचा फॉर्म भरायचा, मग मुलाखत. मुलाखतीच्या तारखेची खात्री देता येत नाही, त्यामुळे पासपोर्टची मुदत आजच तपासा.

डीएस-२०१९ वर 'वर्ग' कोणता लिहिलाय ते नीट वाचा. हे पुढे पोस्टडॉकसाठी महत्त्वाचं. रिसर्च स्कॉलर लिहिलं असेल तर तो कार्यक्रम संपल्यावर पुन्हा त्याच वर्गात जायला २४ महिने थांबावं लागतं, भले तुम्ही सहाच आठवडे राहिला असाल. शॉर्ट-टर्म स्कॉलरला ही अट नाही. चुकून भलताच वर्ग पडला असेल तर व्हिसा लागायच्या आधी संस्थेला मेल करून विचारा. संकोच करू नका, त्यांना हे प्रश्न रोजचे आहेत.

दुसरी अट जे-१ नंतर दोन वर्षं मायदेशी राहण्याची. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने कौशल्यांची यादी (कोणत्या देशाला कोणत्या कौशल्यांची गरज आहे याची) बदलली आणि त्यातून भारत वगळला गेला, त्यामुळे त्या यादीपायी लागणारी अट आता भारतीयांना नाही. पण प्रवासाचा किंवा राहण्याचा खर्च आपलं किंवा त्यांचं सरकार देत असेल तर अट लागू होऊ शकते. सरकारी प्रवास-अनुदान घेण्याआधी हे ध्यानात असू द्या.

जे-१ वर आरोग्यविमा सक्तीचा आहे: दर आजारामागे किमान एक लाख डॉलरचं संरक्षण, वैद्यकीय कारणाने परत आणण्यासाठी ५० हजार. स्वस्तातला प्रवासविमा या आकड्यांत बसतो का ते बघूनच घ्या.


मत्स्यपर:

सगळ्यांचे मनापासून आभार. नंदादीप, वर्गाची गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती, आजच मेल करते.

प्रकाशपट, तुमचं म्हणणं पटतं, म्हणूनच द्विधा झाली आहे. सरांशी पुन्हा बोलले. टिम हंट यांची गोष्ट सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे, पण जाण्याआधी पेपरचा मसुदा माझ्या टेबलावर हवा." म्हणजे अर्धी लढाई जिंकले असं धरते.

गोगलगाय, दोन प्रश्न आणखी. जाण्याआधी तयारी काय करू? आणि तिथून फिक्स केलेले भ्रूण परत आणता येतात का? गोगलगायीची धडधडणारी अळी वाचल्यापासून डोक्यात तेच घोळतंय. मी आजवर माशाचंच हृदय बघितलंय.


गोगलगाय:

मसुद्याची अट चांगली आहे, ती पाळा. अर्धवट पेपर डोक्यात ठेवून गेलात तर रात्री लॅबऐवजी लॅपटॉपपुढे बसाल.

प्रकाशपट, राग कसला! एका तंत्राचा छोटा कोर्स मीही माझ्या विद्यार्थ्यांना सुचवते. कोणतं तंत्र लागणार हे ठरलेलं असेल तर त्याच्याइतकं चोख काही नाही. पण तो कोर्स मत्स्यपरना पुढच्या वर्षीही करता येईल, पोस्टडॉकमध्येही करता येईल, आणि बरंच काही शेजारच्या लॅबमधूनही शिकता येईल. जिवंत कंगवा-जेली (जेलीफिशसारखा पारदर्शक समुद्री प्राणी), स्क्विडची अंडी, पोलर लोब टाकणारी गोगलगाय आणि त्यांच्यावर हयात घालवलेली माणसं हे सगळं एका छताखाली कुठे मिळणार? शिवाय वुड्स होलला उपकरणांची वाण नसते. कंपन्या उन्हाळ्यासाठी नवेकोरे मायक्रोस्कोप आणून ठेवतात आणि ते चालवणारी माणसंही हजर असतात.

स्क्विडचंच बघा. त्याच्या जाड चेतातंतूमुळे तो चेताशास्त्रात विसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रसिद्ध, पण त्याचं जनुक निकामी करणं २०२० पर्यंत कुणाला साधलं नव्हतं. ते वुड्स होललाच झालं. अडचण जनुकात नव्हतीच. अंड्याभोवतीचं आवरण इतकं चिवट की इंजेक्शनची सुईच मोडायची. त्यांनी बारीक कात्रीने आवरणाला आधी एक छोटा छेद दिला आणि त्यातून सुई घातली. डोळ्यांचे आणि त्वचेचे रंग नाहीसे झालेली स्क्विडची पिल्लं निपजली. एखाद्या प्राण्यावर काम करता येत नाही म्हणतात तेव्हा अडथळा बऱ्याचदा असा, हाताला लागणारा असतो. प्रकाशपट, हे मत्स्यपरना तुमच्या लाइट-शीटखाली बसूनही उपयोगी पडेल.

तयारीचं म्हणाल तर पेपरांचे गठ्ठे वाचू नका. हात तयार करा. रोज थोडा वेळ स्टिरिओमायक्रोस्कोपखाली दोन चिमट्यांनी माशाच्या अंड्याचं आवरण भ्रूणाला धक्का न लावता काढा, डाव्या हातानेही. काचेची केशनळी आचेवर ओढून सुया करून बघा. आणि चित्र काढायची सवय लावा, पेन्सिलीने, वेळ टाकून. कॅमेरा लावला की माणूस बघायचं थांबतो, हा मला तिथे आलेला अनुभव आहे. कोर्समधली माझी वही मी अजून काढून बघते; फोटो कुठल्या डिस्कवर आहेत ते शोधावं लागेल.

जाताना बोस्टनच्या लोगन विमानतळावरून बसने जा, सव्वाशेएक किलोमीटर आहे. गाव एवढंसं, सगळं चालत. ईल पाँडवरचा पूल बोटींसाठी उघडला की लेक्चरला उशीर होतो, तेवढं लक्षात ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी मोठं व्याख्यान असतं, ते चुकवू नका. जीवशास्त्राच्या तुमच्या कोपऱ्याबाहेरचं काय चाललंय ते तिथे ऐकायला मिळतं.

हृदयाबद्दल: तुम्ही लिहिलंत ते वाचून मला फार बरं वाटलं. सी स्क्वर्ट नावाचा प्राणी तिथे मिळाला तर त्याचं हृदय नक्की बघा. साधी नळी, झडपा नाहीत, आणि थोड्या थोड्या वेळाने ते रक्त ढकलायची दिशा उलटी करतं. कणा असलेल्या प्राण्यांचा हा जवळचा नातलग. झडपांवर थीसिस लिहिणाऱ्या मुलीने झडपच नसलेलं हृदय एकदा डोळ्यांनी बघावं असं मला मनापासून वाटतं. आणि सरांना तुमच्या प्रस्तावनेत एक परिच्छेद मिळेल तो वेगळाच.

नमुन्यांचं: आणता येतात, पण पिशवीत टाकून नाही. अमेरिकेबाहेर प्राण्यांचे नमुने नेताना, मेलेले आणि फिक्स केलेले असले तरी, त्यांच्या वन्यजीव खात्याचा ३-१७७ क्रमांकाचा जाहीरनामा भरावा लागू शकतो. अल्कोहोलमधल्या नळ्यांसाठी विमान कंपन्यांचे वेगळे नियम आहेत. इकडे आणायची परवानगी तुमच्या संस्थेकडून निघण्यापूर्वीच विचारून ठेवा. कोर्सच्या शेवटच्या आठवड्यात हे सुरू केलंत तर पुरं होणार नाही. कोणता प्राणी आणायचा हे ठरलं की लगेच तिथल्या कोर्स असिस्टंटला सांगा. मूव्हीसाठी स्वतःची मोठी हार्ड डिस्क न्या आणि रोजच्या रोज कॉपी करा, शेवटच्या रात्री त्या कॉम्प्युटरपुढे सगळ्यांची रांग असते.